पानावरचे विष: कोबीच्या अठ्ठावीस गड्ड्यांचा हिशेब

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कोलोरॅडो येथे गिलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने एक विलक्षण हिशेब मांडला. शेतकरी कोबीवर ‘पॅरिस ग्रीन’ नावाची हिरवी भुकटी धुरळत असत. ती सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची भुकटी होती. अळ्या मरत, गड्डे वाचत आणि बाजारात जात. घरोघरी शंका निघाली, की हा कोबी खाणाऱ्याचे काय? गिलेट यांनी एका गड्ड्यावर किती भुकटी उरते ते पाहून उत्तर दिले: विषबाधा व्हायला माणसाने एका बैठकीत अठ्ठावीस गड्डे खायला हवेत. आजचा धागा या अठ्ठावीस गड्ड्यांविषयी आहे.

२/ हिशेबाची आकडेमोड बरोबर असेल असे मानू. पण एका बैठकीत अठ्ठावीस गड्डे कोणीच खात नाही, आणि आठवड्याला अर्धा गड्डा मात्र पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे शिजतो. गिलेट यांनी उत्तर दिले ते पहिल्या माणसाविषयी. प्रश्न दुसऱ्याचा होता. पालेभाजीवरील कीडनियंत्रणाचा पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला या दोन माणसांमधल्या अंतराचा इतिहास वाटतो.

३/ पालेभाजीच का? आंब्याला साल असते, नारळाला करवंटी, भुईमुगाच्या दाण्याला टरफल. मेथी, पालक, माठ, चाकवत, आंबाडी, अळू यांना असे कोणतेही कवच नाही. कीड बसते ते पान, फवारा पडतो ते पान आणि फोडणीत जाते तेही तेच पान. शिवाय मुदत किती थोडी! मेथीची जुडी पेरणीनंतर साधारण महिन्याभरात हाती येते. झाडावर मारलेले विष ऊन, वारा आणि पाऊस यांनी विरघळून जायला जो अवधी लागतो, तो पालेभाजी देतच नाही. परसबागेत तर हे अंतर दिवसांत नव्हे, तासांत मोजावे लागते. सकाळी कुणी काही मारावे आणि संध्याकाळी दुसऱ्याच कुणी मूठभर कोथिंबीर खुडून आणावी, हे रोजचे आहे.

४/ ही अडचण फार जुनी. पहिल्या शतकातील रोमन शेतीलेखक कोलुमेला याने बागेतील अळ्यांवर एक उपाय नोंदवला आहे: रजस्वला स्त्रीने अनवाणी, केस मोकळे सोडून वाफ्यांभोवती तीन फेऱ्या माराव्यात, म्हणजे अळ्या झाडांवरून गळून पडतात. प्लिनीच्या ग्रंथातही याच जातीचा उपाय येतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे वाचताना ओळखीचे काही आठवेल. ‘विटाळाने’ तुळस सुकते, लोणचे नासते, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. रोमन माळ्याने त्याच कल्पित विध्वंसक शक्तीला कामाला जुंपले होते, एवढाच फरक. समजूत तिथेही निराधार आणि इथेही. मात्र तीन फेऱ्या मारताना कोणीतरी प्रत्येक वाफा निरखून पाहत असेल, तर थोडा उपयोग होतही असेल.

५/ भारताकडे वळू. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ साधारण हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. डॉ. य. ल. नेने यांच्या पुढाकाराने ती मिळवली गेली, नलिनी साधले यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने तो प्रसिद्ध केला. वनस्पतींनाही वात, पित्त आणि कफ यांचे विकार होतात, या पायावर ग्रंथ उभा आहे. किडीने केलेल्या जखमेवर वावडिंग, तीळ, गोमूत्र, तूप आणि मोहरी यांचा लेप, वर दुधाचे शिंपण, असे उपाय त्यात येतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने इ.स. १०२५ च्या सुमारास चावुंडरायाने कन्नडमध्ये लिहिलेल्या ‘लोकोपकार’ या ग्रंथातही वृक्षायुर्वेदाचे प्रकरण आहे, आणि त्या चालुक्यांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता.

६/ येथे थोडे सावध राहायला हवे. ‘आपल्या पूर्वजांकडे प्रत्येक किडीवर सेंद्रिय औषध होते’ असे चमकदार फलक समाजमाध्यमांवर फिरत असतात. ग्रंथ उघडला की दिसते, की या उपायांचा रोख मुख्यतः वृक्षांवर आहे. राजाचे उपवन, फळझाडे, फुलझाडे. तूप आणि दूध चोळून माठाचा वाफा वाचवणे कोणत्या कुणब्याला परवडले असते? परड्यातल्या भाजीचे ज्ञान बहुधा ग्रंथात शिरलेच नाही. ते बायकांच्या हातात होते आणि हातातून हातात गेले.

७/ त्या अलिखित ज्ञानातील सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे चुलीतली राख. पहाटे पानांवर दव असताना चाळलेली राख फडक्यातून भुरभुरवायची, ही रीत आपल्याकडे खेडोपाडी आहे. यामागचे कारण प्रयोगशाळेत स्पष्ट व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. कीटकाच्या अंगावर मेणाचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तोच शरीरातील पाणी धरून ठेवतो. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी दाखवले, की खरखरीत बारीक भुकटीने हा थर खरवडला गेला की कीटक कोरडा पडून मरतो. राखेतही असे खरखरीत कण असतात. शिवाय राखेने माखलेले पान कुरतडणे अळीलाही सुखाचे नसते.

राखेच्या मर्यादाही तितक्याच जुन्या आहेत. एका सरीने ती धुऊन जाते. फार टाकली तर माती खारवते. पानाच्या दोन पापुद्र्यांमधून बोगदा काढत जाणाऱ्या नागअळीपर्यंत ती पोहोचतच नाही.

८/ दुसरी घरगुती वस्तू तंबाखू, आणि हिच्या कथेत आपले दख्खन आहे. मोगल दरबाराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास ती अकबरापुढे नजर केली. अकबराने हुक्का ओढून पाहिला, हकीम कुरकुरले. पोर्तुगीजांनी आणलेले हे पीक तेव्हा दख्खनमध्ये रुजले होते. अठराव्या शतकापर्यंत युरोप-अमेरिकेतील माळी तंबाखूचे पाणी कीटकांवर शिंपडू लागले. १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी त्यातील निकोटिन वेगळे काढले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘ब्लॅक लीफ ४०’ नावाचे निकोटिन सल्फेटचे द्रावण अमेरिकेतील परसबागांत सर्रास वापरात होते.

आजही तंबाखूचा काढा ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ अशा शिफारशीने सांगितला जातो. निकोटिन मज्जासंस्थेवर घाला घालते, मग ती माव्याची असो वा माणसाची, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. गुलाबाच्या कळीवर कोणाला ते मारायचे असेल तर तो जाणो. पालकावर मारू नये, असे मला स्पष्ट वाटते.

९/ आता कथेतील मुख्य पात्र. ‘कोबी’ हा शब्दच पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आला. समुद्रमार्गाने आलेल्या या भाजीला तिचे शत्रूही मिळाले. त्यांतील सर्वांत चिवट म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. बेनब्रिज फ्लेचर यांच्या १९१४ मधील नोंदीपासून भारतातील त्याचा लिखित इतिहास सुरू होतो. पतंग जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनांची रांग दिसते. अळी हिरवी, सडपातळ. हात लावला की वळवळत मागे सरकते आणि रेशमाच्या धाग्यावर लोंबकळते. लहान अळ्या पान खालून खरवडतात आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवतात, त्यामुळे पानाला जणू काचेच्या खिडक्या पडतात. उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामास येईल.

१०/ फ्लेचर यांच्या आधी या क्षेत्रात हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे नाव होते. १९०३ मध्ये ते भारतात आले आणि बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत पहिले इम्पीरियल एन्टोमॉलॉजिस्ट झाले. १९०६ चे त्यांचे ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ हे पुस्तक या विषयावरील भारतातील पायाभूत लेखन होय. पुढे लंडनला परतून ते कीटकनाशक वायूंवर प्रयोग करू लागले. १९२५ मध्ये आपल्याच प्रयोगशाळेत विषारी वायूने बेशुद्ध पडले आणि दगावले. किडीला मारणारे माणसालाही मारते, हे या शास्त्रातील अग्रणींनी पुस्तकात लिहिले होतेच.

११/ पुन्हा पॅरिस ग्रीनकडे. ही मुळात रंगाऱ्यांची हिरवी रंगद्रव्य-भुकटी. १८६० च्या दशकात अमेरिकेत बटाट्यावर कोलोरॅडो भुंगेऱ्याची धाड आली. हताश शेतकऱ्यांनी घराच्या खिडक्यांना लावायचा हा विषारी रंग पिकावर धुरळला आणि भुंगेरे मेले, असे सांगितले जाते. साधारण त्याच काळात युरोपातून क्वेबेकमध्ये आलेले कोबीवरचे पांढरे फुलपाखरू अमेरिकाभर पसरत होते. बटाटा मातीत असतो, विष वरच्या पाल्यावर पडते. कोबीचे तसे नाही. तरीही तीच भुकटी कोबीवर आली. त्यावर तज्ज्ञांचा युक्तिवाद असा होता, की गड्डा आतून बाहेर वाढतो आणि बाहेरची पाने आपण काढून टाकतो. अठ्ठावीस गड्ड्यांचा हिशेब या सुरात बसणारा होता. १८९२ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये त्याहून चिकट असे लेड आर्सेनेट आले. ते पावसाने सहज धुऊन जात नसे, आणि हाच त्याचा गुण सांगितला जाई! त्यात सोमलाच्या जोडीला शिसेही होते.

१२/ गिलेट यांच्या हिशेबाला उत्तर मिळाले ते कोबीकडून नव्हे, बिअरकडून. १९०० साली इंग्लंडमधील मँचेस्टर आणि आसपासच्या भागात हजारो माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले. कातडी काळवंडली, चालणे अवघड झाले. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, दारुडे आहेत, दारूचा परिणाम. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना मात्र खटकले, की कडक मद्य पिणारे ठणठणीत आहेत आणि आजारी पडताहेत ते बिअर पिणारे. शोध घेता कळले, की बिअरसाठी वापरलेली साखर ज्या गंधकाम्लाने बनवली होती त्यातच सोमल होता. सुमारे सहा हजार लोक आजारी पडले, सत्तरच्या आसपास दगावले. त्यांतील कोणी एका बैठकीत प्राणघातक मात्रा घेतली नव्हती. त्यांनी रोज थोडी थोडी घेतली होती.

१३/ लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बसला. १९०३ मध्ये त्याने मर्यादा सुचवली: पौंडाला एक शतांश ग्रेन सोमल, म्हणजे किलोमागे साधारण १.४ मिलिग्रॅम. ‘खाण्याच्या पदार्थात विष किती चालेल’ या प्रश्नाला आकड्यात बांधणारे हे आरंभीचे एक मोठे पाऊल. हा आकडा बिअरसाठी जन्मला आणि फळभाज्यांवर जाऊन बसला. १९२५ मध्ये ब्रिटिश आरोग्य अधिकाऱ्यांना अमेरिकेहून आलेल्या सफरचंदांवर या मर्यादेपेक्षा जास्त सोमल आढळला. माल परत जाईल या भीतीने अमेरिकेला आपल्या बागाईतदारांकडे वळून पाहावे लागले. स्वतःच्या नागरिकांच्या तक्रारींपेक्षा परदेशी गिऱ्हाइकाचा डोळा अधिक भारी ठरला. निर्यातीच्या द्राक्षांची कसून तपासणी होते, मग आपल्या आठवडी बाजारातील मेथीचे काय, हा प्रश्न इथे मनात आल्याशिवाय राहत नाही.

(जुन्या अमेरिकी फळबागांच्या जमिनीत ते शिसे आणि सोमल आजही सापडतात. फवारणारे गेले, झाडे गेली, माती विसरलेली नाही.)

१४/ याच काळात एक सौम्य पर्यायही हाताशी होता. क्रोएशियाच्या डॅल्मेशिया किनाऱ्यावरील शेवंतीच्या कुळातील पांढऱ्या फुलांची भुकटी, म्हणजे पायरेथ्रम. कीटक क्षणात लोळागोळा होतो आणि उन्हात हे द्रव्य लवकर विघटते. पालेभाजीला याहून सोयीचे काय असणार? पण उन्हात विघटणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने दोष ठरला. पुन्हा पुन्हा मारावे लागे आणि फुले महाग. या फुलांतील द्रव्याची नक्कल रसायनशास्त्रज्ञांनी पुढे केली आणि आपल्या घरातील डासांच्या कॉइलमध्ये त्याच घराण्यातली औषधे जळू लागली.

१५/ मग आले डीडीटी. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण हेरला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. युद्धात टायफस आणि मलेरिया यांपासून या भुकटीने असंख्य प्राण वाचवले, हे विसरून लिहिणे अन्यायाचे होईल. युद्ध संपताच ती बागांत आली. आणि इथे आपला चौकोनी ठिपक्यांचा पतंग रंगमंचावर परततो. इंडोनेशियाच्या जावा बेटावरील कोबीच्या मळ्यांत डीडीटी मारूनही अळ्या मरेनात. अँकरस्मिट यांनी १९५३ मध्ये ही गोष्ट शास्त्रीय नियतकालिकात मांडली. शेतपिकावरील किडीने डीडीटी पचवल्याच्या जगातील अगदी आरंभीच्या नोंदींत ती मोडते.

१६/ हे घडते कसे? लाखभर अळ्यांत एखाद-दुसरी जन्मतः विष पचवू शकणारी असते. एरवी तिला काही विशेष लाभ नसतो. फवारणीने बाकीच्या मरतात, मैदान तिला मोकळे मिळते. दोन-तीन आठवड्यांची पिढी म्हणजे वर्षभरात कितीतरी पिढ्या. माणसाच्या चारशे वर्षांत जेवढ्या पिढ्या होतील तेवढ्या या पतंगाच्या एका वर्षात होतात. शेतकरी काय करतो? मात्रा वाढवतो. म्हणजे किडीला उरलेले निवडून काढतो आणि पानावर विष वाढवतो, एकाच वेळी.

१७/ भारतात या काळात नियमन जवळजवळ नव्हतेच. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्याच्या पिठात मिसळले गेले. दोन्ही माल एकाच जहाजातून आले होते. शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीतून आणि चर्चेतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. दहा वर्षे लागली, हे आपल्या गतीने फार नव्हे.

१८/ आता या इतिहासाचे सर्वांत काळे पान. डीडीटी चरबीत साठून राहते, हे कळल्यावर ‘साठत नाही, लवकर विघटते’ अशा औषधांना मागणी आली. त्यांतील एक कार्बारिल. युनियन कार्बाइड कंपनीने १९५८ मध्ये ‘सेव्हिन’ या नावाने ते बाजारात आणले. अमेरिकेतील परसबागेत कोबी आणि टोमॅटोवर भुरभुरण्याची पांढरी भुकटी म्हणून सेव्हिन घरोघरी पोहोचले. डबा उघडा, शिंपडा, काही दिवसांनी भाजी काढा. डीडीटीच्या तुलनेत ते सौम्य होते, हे खरेही होते.

सेव्हिन भारतातही बनू लागले. १९६९ मध्ये कारखाना भोपाळला आला. १९८० पासून तिथेच मेथिल आयसोसायनेट हा कार्बारिलसाठी लागणारा अतिविषारी मधला पदार्थ तयार होऊ लागला आणि टाक्यांत साठवला जाऊ लागला. तो न वापरता कार्बारिल बनवण्याची जुनी पद्धत उपलब्ध होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री एका टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन वायू शहरावर पसरला. मध्य प्रदेश शासनाने या गळतीशी संबंधित ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठे आकडे सांगतात.

१९/ भोपाळविषयी लिहिताना वायू, टाकी, खटला आणि भरपाई यांवर भर दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा. पण त्या कारखान्यात बनत काय होते, हे अनेक तरुण वाचकांना ठाऊक नसते. तिथे अळी मारायची भुकटी बनत होती. ‘पानावर उरणारे विष कमी असावे’ ही मागणी रास्त होती. ती भागवताना विष नाहीसे झाले नाही. खाणाऱ्याच्या ताटातून ते निघाले आणि कारखान्याशेजारच्या झोपडपट्टीत जाऊन बसले. अठ्ठावीस गड्ड्यांच्या हिशेबात त्या वस्तीला रकानाच नव्हता. भारताने कार्बारिलवर बंदी घातली ती २०१८ मध्ये, चौतीस वर्षांनी.

२०/ विषाच्या पलीकडचा एक मार्ग जपानमधून आला. १९०१ मध्ये इशिवाता शिगेताने यांनी रेशमाचे किडे मारणारा एक जिवाणू शोधला. १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला. थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नाव पडले ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, म्हणजे आपल्या कापसामुळे घरोघरी पोहोचलेले ‘बीटी’. त्यातील प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात जागे होते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी आहे आणि ते प्रथिन ज्याला चिकटते ते ग्राहक आपल्या आतड्यात नाहीत. पालेभाजीसाठी याहून नेमके औषध क्वचितच असेल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या भुकट्या अमेरिकेत विक्रीस आल्या.

आणि १९९० मध्ये हवाई बेटांवरून बातमी आली. कोबी आणि वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या मळ्यांत, जिथे बीटी सतत फवारले जात होते, तिथल्या अळ्यांनी त्यालाही दाद देणे सोडले होते. अळी कोणती? तीच, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. वस्तू सौम्य असली तरी वापराची रीत जुनीच असेल, तर किडीला फरक पडत नाही.

२१/ आता कडुनिंब. इथे दंतकथा इतक्या आहेत की तथ्ये वेगळी काढणे गरजेचे. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली. सगळी झाडे बोडकी झाली आणि कडुनिंब हिरवेच राहिले, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी डोळ्यांनी पाहिले. १९६२ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर फवारले, तेव्हा टोळांनी त्या पिकाला तोंड लावले नाही. १९६८ मध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातील ‘अझाडिरॅक्टिन’ वेगळे केले. ते अळीची भूक मारते आणि कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाच्या कामात बिघाड करते. अळी तडकाफडकी मरत नाही. खाणे सोडते, वाढ खुंटते, कात अर्धवट अडकते. निंबोळी अर्क मारून दुसऱ्या दिवशी ‘अळ्या जिवंतच आहेत’ म्हणून निराश होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हा रेणू प्रयोगशाळेत संपूर्ण बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला बावीस वर्षे लागली. २००७ मध्ये ते जमले. आपल्या गावच्या पाराजवळचे झाड दर उन्हाळ्यात तो गोण्यांनी जमिनीवर सांडते.

२२/ ‘अमेरिकेने कडुनिंबाचे पेटंट घेतले होते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. नेमके काय होते? १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना जे पेटंट दिले, ते झाडावर नव्हते आणि कीटकनाशकावरही नव्हते. कडुनिंबाच्या तेलाने पिकावरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर ते होते. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आलव्हूट आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये आव्हान दिले. परंपरेचा गौरव सांगून पेटंट पडत नाही. तारखा आणि प्रयोग लागतात. ते पुरावे आले पुण्याचे उद्योजक अभय फडके यांच्याकडून. त्यांनी साक्ष दिली, की निंबोळीच्या अर्काच्या क्षेत्रचाचण्या आपण १९८५-८६ मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांत घेतल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले. हजार वर्षांच्या ग्रंथांपेक्षा सांगलीतल्या शेतावरची नोंद तिथे अधिक उपयोगी पडली, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी विसरू नये.

२३/ परसबाग असणाऱ्यांसाठी या इतिहासातून हाती काय लागते ते थोडक्यात. पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड. रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारायचे. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटते, म्हणून संध्याकाळ. अर्क रोज ताजा हवा. माव्याला साबणाचे पातळ पाणीही पुरते. अंडी आणि अळ्या पानाखाली असतात, तेव्हा पान उलटून पाहायची सवय हवी. दहा-बारा झाडांवर हाताने वेचणे अजूनही सर्वांत जलद. नव्या वाफ्यावर बारीक जाळी ताणली तर पतंगाला अंडी घालायला जागाच मिळत नाही. कोणतीही बाजारची बाटली आणली, तर तिच्यावर त्या भाजीचे नाव आणि फवारणी ते काढणी यांमधील प्रतीक्षाकाळ छापलेला आहे का, हे आधी वाचावे. नसेल तर ती पालेभाजीसाठी नाही. ‘धुऊन घेऊ’ हा भरवसा अपुरा आहे. पृष्ठभागावरचे काही अंश पाण्याने जातात, झाडाच्या रसात शिरलेले आंतरप्रवाही औषध जात नाही.

२४/ माझ्या आवडीचा शोध मात्र सर्वांत साधा आहे. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत के. श्रीनिवासन आणि पी. एन. कृष्णमूर्ती यांनी १९९० च्या सुमारास पाहिले, की चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला कोबीपेक्षा आपली साधी मोहरी अधिक आवडते. डीडीटी आणि बीटी यांना पचवणाऱ्या या जीवाची आवड काही त्याला बदलता आली नव्हती. त्यांनी रचना बसवली: कोबीच्या दर नऊ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली कोबी लावण्याच्या पंधरा दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी, म्हणजे पहिली जून होईतो दुसरी कोवळी असते. पतंग मोहरीवर जाऊन अंडी घालतो आणि कोबीवरच्या फवारण्या पुष्कळ कमी होतात.

घरच्या आठ-दहा गड्ड्यांसाठी वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ आधी आणि एक मागाहून पेरली तरी भागते. अळ्या तिथे जमल्या की जी काय फवारणी वा वेचणी करायची ती मोहरीवरच करावी. त्या ओळीतला पाला मात्र भाजीसाठी खुडू नये.